तुम्ही विचारलंत म्हणून: आईला कमीपणा नाही वाटला?

नगरला गेले की हा प्रश्न ठरलेला. चहा होतो, लंडनला बर्फ किती पडतो ते विचारून होतं (आम्ही लंडनचे नाही, बर्मिंगहॅमच्या पलीकडच्या वुल्वरहॅम्प्टनचे, पण नगरमध्ये सगळं इंग्लंड म्हणजे लंडनच). मग कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "तुझ्या आईनं जन्मभर परक्यांचं हगणं-मुतणं काढलं. तिला कमीपणा नाही वाटला?" आई आता नाही, म्हणून प्रश्न माझ्या वाट्याला आलाय. तिला तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती.

वाटला. पण बेडपॅनचा नाही.

आमचं घर ख्रिस्ती. मराठी समाजात नर्सिंग हे चांगल्या घरच्या मुलींचं काम नाही असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. मिशन हॉस्पिटलांनी मात्र ख्रिस्ती मुलींना हे काम शिकवलं आणि त्यांना पायावर उभं केलं. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल तर 1894 चं. आईची आत्या अशाच एका हॉस्पिटलात सिस्टर होती. तिची कडक इस्त्रीची पांढरी साडी दिसली की गल्लीतले पुरुषही पारावरून उठून उभे राहत. आईनं लहानपणी मान पाहिला तो त्या साडीचा. घाण साफ करणं हा कामाचा एक भाग आहे, यावर आमच्या घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही.

1967 साली ती इंग्लंडला गेली. 1948 मध्ये तिथे सगळ्यांना मोफत उपचार देणारी सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सुरू झाली होती, आणि वॉर्डात हात कमी पडत होते. नर्सचं शिक्षण, शिकतानाच पगार, राहायला नर्सेस होम, एवढं पत्रात लिहिलेलं. नर्स दोन प्रकारच्या असतात, हे मात्र नव्हतं. तीन वर्षं शिकलेली ती एसआरएन, म्हणजे रजिस्टर्ड. दोन वर्षं शिकलेली ती एसईएन, म्हणजे एनरोल्ड. पहिली पुढे वॉर्डाची सिस्टर, म्हणजे तिथली वॉर्डप्रमुख, होऊ शकते, सगळ्या नर्सेसवरची मेट्रन होऊ शकते. दुसरी तिथंच राहते. वेस्ट इंडीज, मॉरिशस, मलेशिया, भारत अशा ठिकाणांहून आलेल्या कितीतरी मुलींना न सांगता-विचारता दोन वर्षांच्या वर्गात बसवलं गेलं, आणि त्या शिक्षणाला अनेकींच्या मायदेशात मान्यताच नव्हती. आईला हे समजलं ते शेजारच्या खोलीतल्या बार्बेडोसच्या मुलीकडून. तोवर कागदावर सही होऊन गेलेली.

काम तिला मनापासून आवडायचं. दोन्हीकडे खाटांच्या रांगा असलेला लांबच लांब वॉर्ड, आणि दर दोन तासांनी पाठींची फेरी: म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, पाठ धुवायची, चोळायची, चादरीवर एक सुरकुती ठेवायची नाही. पडून पडून होणाऱ्या जखमा, म्हणजे बेडसोर, झालेच तर त्यावर अंड्यातलं पांढरं लावून ऑक्सिजनचा झोत सोडायचा, अशी तेव्हाची पद्धत. "साहेबाच्या कुल्ल्याला आम्लेट," ती म्हणायची आणि हसत सुटायची. पुढे त्या उपायात काही तथ्य नाही म्हणून तो बंद झाला. पण आपल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची पाठ कशी धडधाकट असायची, हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

इनॉक पॉवेल तेव्हा आमच्याच वुल्वरहॅम्प्टनचे खासदार. 1960 ते 63 ते आरोग्यमंत्री होते, तेव्हाही परदेशी नर्सेस हॉस्पिटलांत भरती होतच होत्या. त्याच गृहस्थांनी 20 एप्रिल 1968 रोजी बर्मिंगहॅमला बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध ते गाजलेलं भाषण केलं. वॉर्डातले लोक पेपर वाचून आईला म्हणायचे, "तुझ्याबद्दल नाही हं ते, नर्स." आईचं मत: "पॅन मागताना माझा रंग कुणाला दिसायचा नाही. पॅन झाला की दिसायचा."

हेही तिनं अंगाला लावून घेतलं नाही. तिला लागलं ते दुसरंच. वडील दिवसा फाउंड्रीत, म्हणून ती रात्रपाळी करायची, म्हणजे आम्हाला शाळेत सोडायला-आणायला कुणीतरी घरी. रात्री सिस्टर सगळ्या मजल्यांना मिळून एकच, त्यामुळे वॉर्ड प्रत्यक्षात आईच्या भरवशावर. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला. सकाळी तिनंच सुई धरायला शिकवलेली एखादी पोरगी रजिस्टर्डचा निळा गणवेश घालून यायची आणि एनरोल्डच्या हिरव्या गणवेशातल्या आईकडून रिपोर्ट घ्यायची. अशा किती पोरी तिच्या डोक्यावरून सिस्टर होऊन गेल्या. "पोरगी गुणी होती," आई म्हणायची, आणि मग भांडी जरा जोरातच घासली जायची.

1988 मध्ये देशभरच्या नर्सेसना ए ते आय अशा पगाराच्या श्रेणी लावल्या गेल्या. काम बघून श्रेणी ठरणार म्हणून आईला आशा होती. पत्र आलं ते खालच्या श्रेणीचं. तिनं अपील केलं. तशी अपिलं देशभरातून इतकी झाली की निकालांना वर्षं लागली. तिच्या अपिलाचं उत्तर आलं तेही नकाराचं. ते पत्र तिनं विजेच्या बिलांच्या फायलीत लावून ठेवलं, तारखेनुसार, अगदी व्यवस्थित.

मग तिनं रजिस्टर्ड होण्याचा कोर्स धरला. एनरोल्ड नर्सचं शिक्षणच तेव्हा बंद होत आलं होतं, त्यामुळे अशा कोर्सना खूप गर्दी. चाळिशी उलटलेली बाई माझ्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसली. रात्रपाळी करून यायची, पोळ्या लाटता लाटता मला म्हणायची, "विचार गं." मी पुस्तक धरून मूत्रपिंडाचं कार्य विचारायचे. ती मराठीत उत्तर द्यायची आणि मग तेच इंग्रजीत, कारण आधी मराठीत बसल्याशिवाय तिला काही बसायचंच नाही.

ती पास झाली. निळा गणवेश मिळाला, वरची श्रेणी त्यानंतरही लगेच नाही, बरीच उशिरा. सिस्टर ती कधीच झाली नाही. निवृत्त झाली ती रात्रपाळीवरूनच.

हे सगळं सांगून झालं की नगरचा पुढचा प्रश्न बहुतेक पेन्शनचा असतो. तर तेही सांगते. तिच्या वेळी एनएचएसचं पेन्शन शेवटच्या वर्षांतल्या पगारावर ठरायचं, म्हणून ती वरची श्रेणी उशिरा मिळूनही कामी आली. त्या पैशातून तिनं पहिल्यांदा नगरच्या घराचं छप्पर बदललं. आत्ता आपण बसलोय, त्याच घराचं.