वरोऱ्याची खाण कशाने गेली

पुण्यात बोअर मारला की कितीही खाली जा, काळा पाषाणच, म्हणजे बेसाल्ट, लागतो. त्याच्याखाली कोळसा दडलेला असेल का, असं अधूनमधून कुणीतरी विचारतं. कोयनेजवळ खोल ड्रिलिंग केलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट लागला. कोळसा ज्यांत सापडतो ते गोंडवाना खडक मध्ये नव्हतेच. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली तेव्हा इंजिनांची भिस्त बोटीने मुंबईत उतरणाऱ्या विलायती कोळशावर होती, त्याचं मूळ हेच.

म्हणून चंद्रपूरकडे वरोऱ्याला कोळसा लागला तेव्हा सरकारने स्वतःच खाण काढली. काम सुरू झालं १८७१ च्या सुमारास आणि खाण बंद पडली १९०६ मध्ये. जेमतेम पस्तीस वर्षं! खाणीसाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकला, त्याचं नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’.

वरोऱ्याचा कोळसा वाईट नव्हता, पण नाठाळ होता. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात पाणी बरंच. बाहेर काढून उन्हात ठेवला की तो वाळतो, तडकतो, त्याचा चुरा होतो. इंजिनाच्या भट्टीत हा चुरा जाळीतून न जळताच राखेत पडतो. ढीग उंच रचला तर आत ऊब धरतो. त्यामुळे असा कोळसा बुटक्या ढिगांत ठेवायचा आणि जुना आधी उचलायचा. गोदामातल्या धान्यासारखंच.

जमिनीखाली हाच स्वभाव जिवावर येतो. त्या काळची पद्धत खांब-गॅलरीची. थरात आडव्याउभ्या गॅलऱ्या खणायच्या, मध्ये कोळशाचेच चौकोनी पिलर सोडायचे आणि छत त्यांच्यावर तोलायचं. मग हद्दीच्या टोकाकडून शाफ्टकडे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीकडे, मागे येत पिलर काढायचे आणि रिकाम्या जागेत छत आपोआप बसू द्यायचं. थर पातळ असेल तर हे जमतं. जाड थरात पिलर उंच होतो. रुंदी तेवढीच राहिली तर तो कमजोर पडतो. त्याच्या कडा सुटतात, पायाशी चुऱ्याचा ढीग साचतो.

आग लागते ती या चुऱ्यात. काडी-ठिणगी काही लागत नाही. ताजा फुटलेला कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि तापतो. हवा जोरात खेळती असेल तर उष्णता वाहून जाते, अजिबात नसेल तर ऑक्सिजनच मिळत नाही. घात करते ती मधली, झिरपणारी हवा. साधारण ७०-८० अंशांच्या पुढे तापमान झपाट्याने चढतं. त्याआधी खुणा दिसतात: भिंतींना घाम फुटतो, हवा दमट लागते, मग रॉकेलसारखा वास येतो. वास आला म्हणजे उशीर झालाच.

उपाय तीन. तापलेला कोळसा खणून बाहेर काढायचा, तो भाग विटा-मातीच्या भिंतींनी बंद करायचा, नाहीतर पाण्यात बुडवायचा. वरोऱ्याला कोळशाबरोबर अग्निमृत्तिका, म्हणजे आच सोसणारी माती, निघे आणि तिच्या विटाही पाडत, त्यामुळे विटांना तोटा नव्हता. पण छत खचलं की भेगा थेट वरच्या शेतापर्यंत जातात. मग खाली भिंत कितीही पक्की असो, हवेचा दाब उतरला की खाण भेगांतून श्वास सोडते, चढला की आत घेते. पोकळी वाळूने भरून काढायची पद्धत आपल्याकडे आली ती वरोरा बंद झाल्यानंतर.

आग आणि खचणं या दोन्हींपुढे खाण टिकली नाही. सरकारने त्याआधीच बल्लारपूरला नवी खाण काढायला घेतली होती. वर्ध्याहून आलेला रूळ मात्र वरोऱ्याला थांबला नाही. तो बल्लारशाहला, म्हणजे बल्लारपूरच्या स्टेशनला, गेला, १९२९ मध्ये तिथून काझीपेटला जोडला गेला, आणि दिल्ली-मद्रासच्या गाड्या कोळशाच्या त्या फाट्यावरून धावू लागल्या.