'सर, हे चार्टवर नाही'

सर्कलिंग अप्रोच, म्हणजे धावपट्टी डोळ्यांनी पाहत विमानतळाला वळसा घालून उतरणं, वैमानिक होऊ पाहणाऱ्या पोरांना शिकवताना मी फळ्यावर आधी दोन आकडे लिहितो: ४.२ आणि १२०. एअरबससारखं, उतरण्याच्या वेगानुसार सी वर्गात मोडणारं विमान धावपट्टीच्या टोकापासून ४.२ सागरी मैलांच्या आत आणि ठरलेल्या उंचीवर राहिलं, तर खालच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान १२० मीटर वरून जाणार. त्या हद्दीबाहेर कसलीच हमी नाही. सोलापूरच्या माळावर वाढलेल्या पोरांना हे पटवणं जड जातं. इथं अडथळा म्हणजे साखर कारखान्याची चिमणी, तीही २०२३मध्ये पाडली.

म्हणून इस्लामाबाद सांगतो. २८ जुलै २०१०, एअरब्लूचं विमान, १५२ मृत्यू. कॅप्टनने विमानाच्या संगणकात मार्गाचे स्वतःचेच पॉइंट घातले आणि हद्द ओलांडून मारगल्ला डोंगरात शिरला. शेवटी वळायला दिशा ठरवणारा हेडिंगचा नॉब फिरवत होता, पण विमान नॅव्ह मोडवरच, म्हणजे संगणकातल्या मार्गावरच, ते वळेना. को-पायलट 'सर, डावीकडे वळा' म्हणत राहिला, कंट्रोल मात्र घेतले नाहीत. त्याच उड्डाणात आधी कॅप्टनने त्याची परीक्षा घेऊन पाणउतारा केला होता. माझ्या मते अपघात तिथंच सुरू झाला. कनिष्ठाला दाबून शिस्त येते असं मानणारे वरिष्ठ आपल्याकडेही कमी नाहीत.

एकदा हे सांगत असताना मागच्या बाकावर माझा जुना विद्यार्थी बसला होता. आता को-पायलट आहे, गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी काढून आलेला. म्हणाला, "सर, आमच्याकडं पण झालंय."

डोंगरातलं विमानतळ, पाऊस. कॅप्टनने तसेच घरचे पॉइंट घातले, चार्टवर म्हणजे उतरण्याच्या अधिकृत नकाशावर नसलेले. हा म्हणाला, "सर, हे चार्टवर नाही." उत्तर आलं, "किती वर्षं इथं उतरतोय मी!" धावपट्टी ढगाआड गेली. सर्कलिंगमध्ये ती दिसेनाशी झाली की त्याच क्षणी मिस्ड अप्रोच, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर, यात चर्चेला जागा नाही. हा त्यासाठी 'गो अराउंड' म्हणाला. कॅप्टन गप्प. दुसऱ्यांदा ओरडला आणि हात इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर नेला, तेव्हा कुठं विमान वर गेलं.

वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "रिपोर्ट केला का दादा?"

"कॉकपिटमध्ये दोघंच असतो. नाव झाकलं तरी कुणी लिहिलं ते कळतंच."

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. विमानात नोंदल्या जाणाऱ्या फ्लाइट डेटातून पकडलं जाईल म्हणावं, तर तिथं वेग आणि उतरण्याचा दर बेताचा असला की बहुतेकदा सगळं ठीक दिसतं. चुकीच्या जागी स्थिरपणे उडवलेलं विमान त्या आलेखात नीटनेटकंच असतं. म्हणजे ते सांगू शकणारा माणूस एकच, शेजारी बसलेला.

तरी मी त्याला लिही म्हणालो. उद्या त्या खुर्चीत दुसरं पोरगं बसणार आहे, आणि ते ओरडेलच असं नाही. संध्याकाळी बसून मसुदा केला: वेळ, उंची, पॉइंट, धावपट्टी कधी दिसेनाशी झाली ते. शेरा एकही नाही. सुट्टी संपवून तो कामावर गेला. अजून पाठवलेला नाही. मी फोन करतोय.