पन्नास हजारांत गाणं ऐकण्याजोगा स्टिरिओ जमवला, त्याचा अनुभव

साउंडबारवर नुसता तंबोरा लावून बघा एकदा. ऐकू येतो, नाही असं नाही, पण आतल्या खोलीत फ्रिज चालू असल्यासारखी घरघर येते आणि जवारी वगैरे जे म्हणतात, ती तारांची भरलेली झणकार, ती गायब. आमच्या घरी ऐकलं जातं ते मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, बाबांनी वर्षानुवर्षं रेडिओवरून कॅसेटवर भरून ठेवलेलं आणि मी नंतर लॅपटॉपवर उतरवून घेतलेलं बरंच काही, आणि रात्री टीव्ही. हॉल ११ बाय १५ फूट, खाली व्हिट्रिफाइड, एका बाजूला पूर्ण काचेची स्लायडिंग. बजेट ५० हजार, वायरींपासून स्टँडपर्यंत सगळं धरून. हे आधीच सांगून टाकतोय कारण पुढचं जवळजवळ सगळं यावरूनच ठरलं, कुठल्या मॉडेलला कुणी किती स्टार दिलेत त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

पहिला प्रश्न पॉवर्ड की पॅसिव्ह. पॉवर्ड म्हणजे एडिफायर कंपनीचे असतात तसे, अँप (ॲम्प्लिफायर) आतच बसवलेला, एक वायर भिंतीत आणि एक फोनला की झालं. टेबलावर कॉम्प्युटरसमोर बसून ऐकणाऱ्याने डोळे मिटून तेच घ्यावेत, उगाच डोकेफोड नको. मला मात्र आतला बोर्ड गेला की सगळंच अडकणार हे काही पटेना. पॅसिव्ह, म्हणजे अँप वेगळा लागणारे स्पीकर, नीट वापरले तर वीस-वीस वर्षं चालतात, अँप बदलत राहता येतो, आणि त्यामुळे अँप सेकंडहँड घ्यायची मोकळीक मिळते, जी पुढे फार कामाला आली.

मग वॅटचं प्रकरण. नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टिम्स ज्यांनी बघितल्यात त्यांना ते पीएमपीओचे, म्हणजे फुगवलेल्या वॅटचे, स्टिकर आठवत असतील, हातात मावेल एवढा टू-इन-वन आणि त्यावर दोन हजार वॅट. ते भूत अजून उतरलेलं नाही. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर टाकली तर एका दुकानदाराने अगदी प्रेमाने सांगितलं, "दादा, ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या टाकून बोर्ड बनवून देतो, बिल्डिंग हलंल." मला बिल्डिंग हलवायची नव्हती हो, वर जोशीकाकू राहतात. तरी त्या गल्लीत फिरायला मला आवडतं, अर्ध्या तासात चार गोष्टी नवीन कळतात आणि पिना, सॉकेट, वायरी बाहेरच्यापेक्षा स्वस्त मिळतात.

खरा हिशोब असा आहे. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, समजा ८८ डेसिबल, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर तेवढा आवाज. मी बसतो साधारण अडीच मीटरवर, त्यात ८ डेसिबल गळतात, दोन स्पीकर म्हणून ३ परत मिळतात, म्हणजे एका वॅटमध्ये मला ८३ मिळाले, वर भिंती भर घालतात ती वेगळी. फ्लॅटमध्ये ८३ म्हणजे आई किचनमधून ओरडते एवढा आवाज. तबल्याची थाप किंवा तानेचा एखादा जोरकस सूर यासाठी वर १५ डेसिबल जागा ठेवली तर तीसेक वॅट लागतात. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणून ५० वॅटचा अँप आणि १०० वॅटचा अँप यात किमतीचा फरक दिसतो तेवढा कानाला फरक नाही. एवढं एकदा डोक्यात बसलं की निम्मी दुकानं यादीतून आपोआप गळतात.

हल्ली मिळतात ते तळहाताएवढे क्लास-डी अँप मित्राकडे ऐकले. आत टीपीए३२५५ नावाची चिप असते आणि जाहिरातीत ३०० वॅट लिहितात, पण ते जास्तीत जास्त व्होल्टेजच्या ॲडॅप्टरवर आणि आवाज फाटायला लागल्यावर मोजलेले, ३२ व्होल्टचा ॲडॅप्टर सोबत आला असेल तर त्याच्या कितीतरी खाली. तरीही, वरचा हिशोब बघता, पुरून उरतात. ज्याला फक्त फोनवरून गाणी ऐकायचीत त्याने हाच घ्यावा आणि वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे टीव्ही जोडायचा होता, बाबांना हाताला लागेल असा मोठा नॉब हवा होता आणि आईला रिमोट, म्हणून मोठ्या डब्याकडे वळलो.

पण आधी स्पीकर. शोरूममध्ये गेलं की ते लोक त्यांच्या आवडीचं लावतात, एक गिटार, एक कुजबुजणारी बाई, आणि त्यात झाडून सगळे स्पीकर छान वाटतात. मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो होतो. पहिलं रेकॉर्डिंग नुसता पुरुषी तंबोरा, काळी एक पट्टीतला. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो आणि खर्ज त्याच्या बरोब्बर निम्म्यावर, ६९च्या आसपास. लहान बुकशेल्फ स्पीकर साधारण इथेच दम तोडायला लागतात, म्हणजे खर्ज ऐकू आला तर सबवूफरची गरज नाही, आणि खर्ज नुसता 'धप' असा आला पण त्यावरचे स्वर फुललेच नाहीत तरी तो स्पीकर आपल्या कामाचा नाही. दुसरं तबला सोलो, बायाँवर (डाव्या हाताच्या डग्ग्यावर) मनगट घासल्यावर मींड येते ती सलग येते का मध्येच एखादा सूर उगाच फुगतो ते बघायला. तिसरं पेटी असलेलं जुनं नाट्यसंगीत, कारण ही रेकॉर्डिंग्ज मुळातच जरा कर्कश असतात आणि जो स्पीकर शोरूममध्ये 'क्रिस्प' वाटतो तोच घरी पेटी कानात खुपसतो. शेवटी बाबांच्या कॅसेटमधलं एक मोनो, त्याचं काम पुढे सांगतो.

शोरूमवाल्या पोराला आधी वाटलं काकांचं काहीतरी बिघडलंय, पंधरा मिनिटं तंबोराच ऐकतायत. मग तोच म्हणाला, "सर, हा मघाशी जरा मोठा वाजत होता ना?" अगदी बरोबर. हेच सगळ्यात जास्त फसवतं. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा डेसिबलभर जरी मोठा वाजला तरी तो 'चांगला' वाटतो, मोठा आहे हे कळत सुद्धा नाही. फोनवर आवाज मोजायचं फुकट ॲप टाकलं, खुर्चीवरून दोन्हीकडे सारखा आकडा येईल असा नॉब ठेवला आणि मग तुलना केली, तेव्हा आधी जो पहिला वाटत होता तो तिसरा झाला.

ऐकलेल्यांत व्हार्फडेल डायमंड १२.१, एलॅक डेब्यू बी५.२ आणि क्यू अकॉस्टिक्स ३०२०आय शेवटपर्यंत टिकले. तिन्हींचा वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा गोल, पाचेक इंची. माझ्या कानाला व्हार्फडेल सगळ्यात गोड, एलॅकचा बायाँ भरदार, आणि ३०२०आयवर गळा सगळ्यात मोकळा आणि पेटी सोसवेल अशी. तिघांतला कुठलाही घेतला असता तरी रडलो नसतो हेही खरं. ३०२०आय घेतले, ८८ डेसिबल, ६ ओहम, आणि खोक्यात स्पीकरच्या मागचं हवेचं भोक बुजवायला स्पंजचे बोळे मिळतात, ते आमच्यासारख्या भिंतीला चिकटून राहणाऱ्यांना फार उपयोगी.

अँप यामाहाचा ए-एस३०१, सेकंडहँड, एक जण अपग्रेड करत होते, बिल आणि खोकं सकट मिळाला. ६० वॅट प्रत्येकी, आणि मुख्य म्हणजे मागे ऑप्टिकल इनपुट, म्हणजे टीव्ही सरळ आत, वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचं साध्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा, नको. अजून एक नॉब आहे ज्याची जाहिरात कोणी करत नाही, लाउडनेस. आवाज हळू केला की आपल्या कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात, कानाचा हा स्वभाव फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून मांडला होता. रात्री साडेअकराला हळू आवाजात ख्याल लावायचा तर तो नॉब फिरवला की तंबोरा परत जागेवर येतो. हाय-फायवाले लोक टोन कंट्रोलला नाकं मुरडतात, मुरडोत बापडे, त्यांच्या वर जोशीकाकू राहत नाहीत.

घरी आणून लावले आणि पहिल्या दिवशी आवाजाला शोरूमची निम्मीसुद्धा मजा नव्हती. हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवली तर टर्रर्र असा शेपटीवाला आवाज, टाइल, काच आणि सपाट भिंत यांच्यात तो नुसता उड्या मारत होता. नवीन काही विकत घ्यायच्या आधी घरातलंच सामान काढलं, काचेवर दोन सोलापुरी चादरी लटकवल्या, खाली जाड सतरंजी टाकली, परत टाळी वाजवली, शेपटी गेली. चादरी अर्थातच दोन दिवसांत आईने काढल्या पण तेवढ्यात पटलं आणि जाड पडदे शिवून घेतले. माझ्या मते पन्नास हजारांतला सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा म्हणजे ते पडदे आणि सतरंजी, एखादा अँप बदलून एवढा फरक पडला नसता.

नावात बुकशेल्फ असलं तरी पुस्तकांच्या कपाटात ठेवले की बायाँ घुमतोच. सोफ्यावर बसल्यावर माझा कान जमिनीपासून ३६ इंचांवर येतो, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा गोल, स्पीकरच्या तळापासून सुमारे ८ इंच वर, म्हणून २८ इंचांचे स्टँड. रेडिमेड स्टँडच्या किमती ऐकून फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, चौकोनी पाइप, वर-खाली पत्र्याच्या प्लेटा, आणि पाइपात चाळलेली कोरडी वाळू. वाळू कशाला हे त्याला समजावताना नाकीनऊ आले. रिकामा पाइप टिचकी मारल्यावर घंटेसारखा वाजतो आणि वाळू भरल्यावर ठक्क होतो, हे त्याला करून दाखवलं तेव्हा तोच दुसऱ्या पाइपात ठासून भरायला बसला.

आता ते मोनो. मोनो रेकॉर्डिंग दोन्ही स्पीकरमधून अगदी एकसारखं येतं, म्हणजे जागा बरोबर असेल तर गाणारा दोन स्पीकरच्या मधोमध, हवेत, एका ठिकाणी बसलेला ऐकू यायला हवा. दोन स्पीकर आणि माझी खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण केला, तरी गायक डावीकडे सरकलेला, कारण डावा स्पीकर काचेजवळ. तो चार बोटं आत घेतला, दोन्ही किंचित माझ्याकडे वळवले, आणि मग बाबा एकदम म्हणाले, "आता टीव्हीवर बसलाय बघ." टीव्ही मध्ये आहे, म्हणजे बरोबर. याच रेकॉर्डिंगवर प्लस-मायनसही तपासता येतं, मी मुद्दाम एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडून बघितली, गायक मधून उठून खोलीभर पसरला आणि बायाँ निम्मा झाला. घरी कोणाचा स्टिरिओ 'पोकळ' वाजत असेल तर आधी हे बघा. मागच्या भिंतीपासून जेमतेम सात-आठ इंच जागा मिळाली म्हणून स्पंजचे बोळे घातले, खर्ज थोडा हलका झाला पण घुमणं थांबलं.

वायरीचं पटकन सांगतो, फिनोलेक्सची १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्झिबल वायर. तीन मीटरच्या जाण्यायेण्याचा रेझिस्टन्स ०.०७ ओहमच्या आसपास, ६ ओहमच्या स्पीकरपुढे किस झाड की पत्ती. हजारो रुपयांच्या केबलवर मला वाद घालायचा नाहीये, ज्याचे त्याचे पैसे.

टीव्ही ऑप्टिकलने जोडला तर आवाजच नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट डॉल्बी वगैरे काहीतरी असतं, ते पीसीएम, म्हणजे साधा डिजिटल आवाज, करावं लागतं, या अँपला तेवढंच समजतं. मग लॅपटॉप चार्जरला लावून जोडला की घुंऽऽ अशी बारीक घरघर, बॅटरीवर असला की गप्प. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकू, जाईल." जाईल हो, पण शॉकपासून वाचवणारी गोष्टही जाईल, असलं काही करू देऊ नका. खरं कारण सेटटॉप बॉक्सची लाल-पांढरी वायर, जी मी सवयीने अँपला खोचून ठेवली होती. केबलवाल्याची वायर त्या बॉक्सच्या मागून जमिनीकडे जाते आणि लॅपटॉपची चार्जरमधून, अशा दोन वाटा झाल्या की त्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरत राहतो. टीव्हीचा आवाज ऑप्टिकलने येतच होता, ती वायर उपसली, घरघर बंद. ऑप्टिकलमधून नुसता प्रकाश जातो, त्यामुळे तिथून ही भानगड येत नाही.

आईची तक्रार एवढीच की टीव्हीच्या रिमोटने आता आवाज कमी-जास्त होत नाही, अँपचा वेगळा घ्यावा लागतो, आणि सिरियल सुरू झाल्यावर तो नेमका बाबांच्या उशाखाली असतो. रेकॉर्ड प्लेअरचंही डोक्यात आहे, अँपला मागे फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा, आहे, मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची सुई चालते. पण काकांकडच्या एलपींना बुरशी लागलीय आणि त्या नुसत्या पाण्याने धुवायच्या की साबणाच्या, यावर काका आणि बाबा यांचं अजून जमलेलं नाही.