अदानात, निखाऱ्यांच्या काठाशी

इस्तंबूलमध्ये सुलतानअहमद भागात जेवायला जाणं मला शेवटी शेवटी नकोसं झालं. हागिया सोफियापासून जरा पुढे चाललं की दारोदारी मेन्यूकार्ड घेतलेली माणसं वाट अडवून "नमस्ते, इंडिया?" म्हणत उभी. आत जाऊन बसावं, तर ताटात येणारा कबाब कोरडा, केव्हाचा भाजून ठेवलेला. कपाडोकियाबद्दल काही लिहीत नाही; फोटोत दिसतं तितकंच ते सुंदर आहे. तिथून बसने तोरोस पर्वत उतरून आम्ही तुर्कस्तानच्या दक्षिणेतल्या अदाना शहरात आलो, ते केवळ कबाबासाठी.

दुपारी सेहान नदीवरचा रोमन काळातला दगडी पूल पाहिला आणि संध्याकाळी जुन्या बाजारामागच्या गल्लीत एका छोट्याशा ओजाकबाशीत शिरलो. ओजाकबाशी म्हणजे मधोमध कोळशाची लांब शेगडी, तिच्यावर तांब्याचं मोठं धुरांडं आणि शेगडीला लागूनच बसायची जागा. टेबलं रिकामी होती, तरी आम्ही शेगडीपाशीच बसलो. तिथे जाल तर तिथेच बसा. कपड्यांना धुराचा वास लागतो, चेहरा तापतो, पण समोर जे चाललेलं असतं ते टेबलावरून दिसत नाही.

मागे एक माणूस दोन्ही हातांनी भलंमोठं वाकडं पातं झुलवत मांस बारीक करत होता. या पात्याला झिर्ह म्हणतात. खऱ्या अदाना कबाबाचं मांस यंत्रातून काढत नाहीत. मेंढ्याचं मांस, त्याच्याच शेपटीची चरबी, लाल मिरची आणि मीठ, एवढंच. या कबाबाला 2005 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. शेगडीवरचे उस्ता, म्हणजे मुख्य आचारी, ओल्या हाताने तो गोळा रुंद, चपट्या सळईवर थापत होते. बोटांचे ठसे तसेच राहतात आणि भाजताना त्या खाचा खरपूस होतात.

आम्ही काही मागवायच्या आधीच समोर बशा येऊ लागल्या. सुमाक, म्हणजे आंबट लालसर मसाला, घातलेला कांदा, टोमॅटो-मिरचीची बारीक चिरलेली एझ्मे, भाजलेल्या कांद्यावर डाळिंबाचा आंबट रस, पुदिना, लिंबू. याचे वेगळे पैसे नाहीत. आमच्या घरात मांसाहार मी एकटीच करते, नवरा शाकाहारी. मी फोनवरून भाषांतर करून तसं सांगितलं. उस्तांनी मान डोलावली, कोपऱ्यातले निखारे पुढे ओढले, सळया पुसून घेतल्या आणि वांगी, टोमॅटो, हिरव्या मिरच्या, अख्खा लसूण बाजूला वेगळा लावला. नवऱ्याने न सांगता हे झालं. परदेशात शाकाहारी माणसाला "सॅलड आहे" एवढंच ऐकायची सवय होते, म्हणून मला त्याचं फार वाटलं.

आता लवाशबद्दल, म्हणजे तिथल्या पातळ पोळीबद्दल. भाजता भाजता चरबी पाझरू लागली की उस्ता पातळ लवाश उचलतात, सळईवर दाबतात, टिपून घेतात आणि पुन्हा आगीवर धरतात. पुन्हा दाबतात. कबाब तयार होईपर्यंत हेच चालू. शेवटी त्याच पोळीत सळई धरून मांस ओढून काढतात. मला विचाराल तर त्या जेवणात सर्वांत चांगलं काय होतं, तर ती पोळी: मिरचीने लालसर झालेली, कडेला करपलेली, मधे मऊ. कबाब तिखट आहे, पण आपल्याला झेपतो. सुमाकचा कांदा हवाच, नाहीतर चरबी जड पडते. नवऱ्यासाठी कोरडी लवाश वेगळी भाजून आली आणि तिच्यात त्याने लसूण कुस्करून खाल्ला.

सोबत शाल्गाम प्यायला दिलं. जांभळ्या गाजराचं आणि सलगमचं आंबवलेलं, खारट पेय. उत्तरेकडच्या कांजीची चव माहीत असेल तर ओळखीचं वाटेल. मला ते आवडलं. नवऱ्याने आयरान घेतलं, म्हणजे खारं ताक, वर फेस. शेवटी चहा, आणि हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या.

पुढे गाझियानतेपला जायचा बेत होता, तो सोडून दिला आणि दुसऱ्या संध्याकाळीही तिथेच गेलो. या वेळी मी काळीज मागवलं. बारीक तुकडे, मधेमधे चरबी, वर जिरं, आणि खायला पुन्हा तीच पोळी.