'प्लंबर'मधला ब

नौपाड्यातील आमच्या घरचा मोरीतला नळ गेल्या महिन्यात रात्रभर ठिबकत राहिला, तेव्हा सकाळी मी फोन लावला आणि, शुद्ध इंग्रजी उच्चारांची हौस तेव्हा नुकतीच अंगात शिरलेली असल्यामुळे, "प्लमर बोलताय का?" असे विचारले. पलीकडून "नाही हो, राँग नंबर" एवढेच ऐकू आले. दुसऱ्या खेपेस 'प्लंबर' म्हटल्यावर तोच आवाज म्हणाला, "हां काका, बोला!"

इंग्रजीत हा ब मुका आहे. शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणत. शिशाचे काम करणारा तो प्लंबर, आणि त्यातला ब पुढे लिहिण्यापुरता उरला. कर्ज या अर्थाच्या 'डेट'ची कथा याहून मजेची आहे. तो शब्द फ्रेंचमधून ब-शिवायच आला होता. लॅटिन मुळाची आठवण म्हणून पंडितांनी मागाहून त्याच्या स्पेलिंगात ब बसवला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढल्यानंतर स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली, स्वर मात्र पुढेही दीर्घकाळ बदलत राहिले. देवनागरी गिरवत वाढलेल्या माणसाने अशा लिपीतला ब मनोभावे उच्चारला, तर त्यात अडाणीपणापेक्षा अक्षरावरचा विश्वास अधिक आहे, असे मला वाटते.

आमच्या सोसायटीच्या सभेत उत्तर प्रदेशातले शेजारी 'इस्टेशन' म्हणतात, कारण आरंभीच्या जोडाक्षराला त्यांच्या जिभेवर आधीच्या स्वराचा टेकू लागतो. गुजराती खजिनदारांचा 'हॉल' 'होल' होतो, आणि आम्ही मराठी मंडळी गालात हसतो. वस्तुतः आमचा 'व्ह' काही कमी नाही. वॉचमनला व आणि व्हॅनला व्ह, अशी विभागणी मराठीने लेखनात चोख केली, पण इंग्रजी व्हॅनमध्ये ह कुठेच नाही. वरचे दात खालच्या ओठाला अलगद टेकवून तो आवाज काढायचा असतो. मी आरशासमोर प्रयत्न केला, तर दर खेपेस काचेवर वाफ धरली.

बरे, खुद्द साहेबांत तरी एकमत कुठे आहे? लंडनकर 'कार'मधला र गिळतो, स्कॉटलंडचा माणूस तो आपल्यासारखाच ठणठणीत म्हणतो, आणि उत्तर इंग्लंडात 'बस'ची जवळजवळ 'बुस' होते. ऐरोलीला रात्रपाळीत अमेरिकन ग्राहकांशी बोलणारी माझी भाची कामावर 'वॉडर' म्हणते, घरी आल्यावर मात्र "मामा, माझी वॉटरबॅग कुठंय?" यातला ट भिंतीपलीकडे ऐकू जातो.

आपल्या ठाण्याचा ठ तर साहेबाला कधीच पेलला नाही. १८५३ साली बोरीबंदराहून पहिली आगगाडी इथे आली, तेव्हा तो गावाचे नाव टी, ए, दोन एन, ए, एच असे लिहीत असे. आजचे स्पेलिंग वाचून एखादा परदेशी पाहुणा 'थेन' म्हणतो. थेन म्हणजे जुन्या स्कॉटलंडातला सरदार.

नळ दुपारी दुरुस्त झाला. पान्हा पिशवीत टाकून दाराबाहेर पडता पडता त्या गृहस्थांनी आपुलकीने विचारले, "काका, सकाळी तुम्ही कुणा प्लमरना शोधत होतात, ते सापडले का?"