ऑइल पंप बसवला, पण ट्रक सुरू होईना

गेल्या आठवड्यात परभणीजवळच्या एका गॅरेजमध्ये आमच्या जुन्या ट्रकचे चेंबर (इंजिनखालचे ऑइलचे भांडे) उतरवून ऑइल पंप बदलून घेतला. नवीन ऑइल भरून सेल्फ मारला, तर इंजिन जोमात फिरत होते, पण गाडी काही उचलेना. जिंतूरला लातूरच्या मिलसाठी सोयाबीनची पोती तयार होती, त्यामुळे घाई सगळ्यांनाच होती.

"मालक, ट्रॅक्टर लावून ओढू, धक्क्यात उचलेल," चालक म्हणाला. मी त्याला स्पष्ट नाही म्हटले. नवा पंप कोरडा असतो. त्यात ऑइल भरून ते क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोहोचण्याआधीच इंजिन वेगाने फिरले, तर काही क्षणांतच बेअरिंगला ओरखडे पडतात आणि हजारांचे काम लाखावर जाते. म्हणून आधी इंजिन बंद करायची स्टॉपची वायर ओढून डिझेल बंद ठेवले आणि सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत मारला. दोन वेळा ऑइल प्रेशरचा काटा शून्यावरच राहिला, तिसऱ्या वेळी हळूच वर सरकला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता प्रश्न डिझेलचा होता. काही इंजिनांत इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) ऑइलच्या दाबावर चालतात, पण आमच्या इंजिनात ऑइल पंपाचा आणि डिझेलचा थेट संबंध नाही. त्यामुळे पंपाला दोष देण्याऐवजी, पंपापर्यंत पोहोचण्यासाठी मिस्त्रींनी काय काय सोडले होते, हे त्यांनाच विचारले. चेंबर काढताना आड येणारी, टाकीकडून फीड पंपाला (डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या पंपाला) येणारी नळी त्यांनी सोडली होती. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नव्हता, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नव्हते. पांढरा धूर आला असता, तर डिझेल जाऊनही पेटत नाही असे समजून टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहावे लागले असते.

डिझेल फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून डिझेल चढवायचा हातपंप मारला, तर नुसता फेस आला, आणि पन्नासेक वेळा मारूनही तो थांबेना. गाडी कुठून तरी एअर घेत होती, मात्र खाली डिझेलचा एक थेंबही नव्हता. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असतो. तिथली फट डिझेल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत घेते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. मग ती नळी बाजूला करून, नवे वॉशर घालून दुसरी नळी फीड पंपाला जोडली आणि तिचे टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवले. फेस बंद झाला, म्हणजे हवा मूळ नळीतून किंवा तिच्या जोडातूनच शिरत होती.

मूळ जोडावरचे तांब्याचे वॉशर जुनेच परत लावले होते. एकावर नखाने ओढावी तशी बारीक रेघ होती. दाबून कडक झालेला तांब्याचा वॉशर लाल तापवून थंड केला, तर पुन्हा मऊ होतो. पण अशी रेघ त्याने जात नाही. दोन्ही वॉशर नवे घातले, एअर काढली, नोझलचे नट थोडे सैल करून डिझेल येताच घट्ट केले. (कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबाने डिझेल देणाऱ्या नव्या गाड्यांत हे कधीही करू नये, तिथल्या दाबाची धार कातडीत शिरते.)

दुसऱ्याच सेल्फला इंजिन सुरू झाले. रेस न देता मंद चालू ठेवून पंधरा मिनिटे मी काट्यावर नजर ठेवली, चेंबरच्या कडेने हात फिरवून गळती नसल्याची खात्री केली आणि मगच गाडी जिंतूरला पाठवली.