जहाज 'सँक्शन्ड' आहे, म्हणजे नक्की काय?

आठ महिने झाले, तरी भरती एजन्सीचा तो ईमेल आठवला की अजून डोकं तापतं. चारच ओळी इंग्रजीत. वर माझं नाव, मग जहाजाचं नाव आणि त्यापुढे 'सँक्शन्ड'.

मी वेंगुर्ल्याचा. जीपी रेटिंगचा, म्हणजे नवख्या खलाशाचा कोर्स, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), मेडिकल सगळं वेळेत झालं. एका तेलवाहू जहाजावर पहिली नेमणूक मिळायची होती. नेमकं त्याच आठवड्यात बाबांचं काजूच्या ड्रायरसाठीचं कर्ज सँक्शन झालं. वाडीतला जो तो विचारत होता, "सँक्शन झाला मां?" कानात दिवसभर तोच शब्द. साहजिकच माझं जहाजही मंजूर झालं, असं मी वाचलं. आईने आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड वाहिला. मी बॅग भरली आणि सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेस पकडून पहाटे दादरला उतरलो.

भरती एजन्सीच्या ऑफिसात काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "व्हेसल सँक्शन्ड है. मेल नहीं पढ़ा?"

"वाचला, म्हणूनच आलो," मी म्हटलं.

"सँक्शन्ड है, इसलिए रुका है."

मंजूर आहे, म्हणून थांबलंय? मी पुन्हा विचारलं. त्याने तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तर हाताने बाक दाखवला. दोन तास मी त्या बाकावर, पायांत बॅग धरून. समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यावर माझं जहाज कुठे असेल ते शोधत बसलो होतो. 'बंदी' हा एक शब्द त्या माणसाला येत नसेल असं मला वाटत नाही. हिंदीत 'पाबंदी' म्हणतात. तो उच्चारायला त्याला एक सेकंद लागला असता आणि माझे दोन तास वाचले असते. नव्या पोरांशी असं वागू नये.

शेवटी शेजारी बसलेल्या दाभोळच्या एका बोसनकाकांनी (बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम) मेल मागून घेतला. "अरे, त्या जहाजावर निर्बंध लागलेत. रशियन तेल वाहणाऱ्या बऱ्याच टँकरांवर अमेरिकेने, युरोपने लावलेत तसे. चढू नकोस. विमा नाही, बंदरात घेत नाहीत, पगार बँकेत अडकतो. सुटलास म्हण."

रात्रीच्या गाडीने परत. गाडीत मोबाइलवर शब्दकोश उघडला, तर एकाच ओळीत 'मंजुरी, दंड, निर्बंध'. कुठला कधी घ्यायचा, त्याबद्दल एक अक्षर नाही. हे मला फार लागलं. अर्थ पाठ करायचा तरी कुठला?

उत्तर सापडलं गावच्या जत्रेत. दशावतारातला राजा राक्षसाला म्हणाला, या अपराधाचं शासन तुला भोगावंच लागेल. आणि मी जागच्या जागी ताठ झालो. अपराध्याला होतं ते शासन, आणि तहसीलच्या पाटीवर 'महाराष्ट्र शासन' असतं तेही शासन. हुकूम करणाराही शासन आणि हुकूम मोडल्यावरची शिक्षाही शासन. सँक्शनचं अगदी तसंच आहे. लॅटिनमधल्या 'सान्किरे'पासून तो आला, म्हणजे पवित्र ठरवून पक्कं करणं. त्यातून कायदा, हुकूम. हुकमाने मुभा मिळते ती मंजुरी. हुकूम पाळला नाही तर बसतो तो दंड. देशांवरचे निर्बंध त्या दुसऱ्या फांदीचे. 1935 मध्ये इटलीने अबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) स्वारी केली, तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर लावले, त्यांनाही सँक्शन्सच म्हणतात. 'सँक्च्युअरी' त्याच मुळाची. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, त्याच्या इंग्रजी नावात हा शब्द आहे.

आता मी असं ओळखतो. अनेकवचनी 'सँक्शन्स' आणि पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल, तर निर्बंध. 'विथ द सँक्शन ऑफ' असेल, तर परवानगी. अडचण क्रियापदाची. तिथे सँक्शन कशाला झालंय ते बघायचं. रक्कम, रजा, पद, विजेचा भार असेल तर मंजूर. वीजबिलावरचा 'मंजूर भार' म्हणजे इंग्रजीतला सँक्शन्ड लोडच. देश, माणूस, कंपनी किंवा जहाज असेल तर बहुतेक वेळा बंदी.

जहाजावर जाणाऱ्या पोरांनी एवढं करावं: मेल आला की निघण्याआधी फोन करून "जॉइन व्हायचं की नाही?" असं साधं विचारा. शब्दाचा अर्थ विचारू नका, तोच शब्द परत ऐकवतात. आणि तिकीट रद्द करता येईल असं काढा. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

बाबांच्या कर्जाच्या सँक्शन लेटरबद्दलही एक राहिलं. सँक्शन म्हणजे पैसे हातात नव्हेत. ते येतात 'डिस्बर्स' झाल्यावर. "मंजूर झाला हा, पण हातात येवक वेळ लागतलो," असं बाबा सगळ्यांना सांगत होते ते याचमुळे. सँक्शन लेटरला मुदतही असते. आमच्या पत्रात ती दुसऱ्या पानावर तळाला, बारीक अक्षरात होती.